दिल्ली पौषात की माघात?

दिवाळी उरकली, की डाळज, भिगवण, पळसदेवपासून बारामतीपर्यंत घरोघरी एक बेत शिजायला लागतो. कारखान्याचं धुराडं पेटलेलं असतं, उसाचं पहिलं बिल खात्यावर येणार असतं, इंग्रजी शाळेतल्या नातवंडांना नाताळची सुट्टी असते. कुणीतरी म्हणतं, "यंदा दिल्ली-आग्रा करून येऊ." लगेच दुसरं कुणी विचारतं, "तिकडची थंडी झेपेल का?" मग चर्चा तिथेच अडते. एकाला शेजारच्याने सांगितलेलं असतं की थंडीचं काही नाही, स्वेटर घातलं की झालं. दुसऱ्याच्या मेव्हण्याची गाडी दहा तास लेट झालेली असते.

दोघांचंही खरं असू शकतं, कारण दोघे वेगवेगळ्या तारखांना गेलेले असतात. डिसेंबरअखेरची दिल्ली आणि फेब्रुवारीअखेरची दिल्ली ही हवेच्या दृष्टीने दोन वेगळी गावं आहेत. म्हणून "जावं का?" याच्या आधी "कधी?" हे ठरवा. निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

तिकडची थंडी वेगळी कशी

इंदापूर तालुक्यात पहाटे पारा १० अंशांवर आला, तरी दुपारी तो २८-२९ पर्यंत चढतो. शेकोटीपाशी बसलेला माणूस अकरा वाजता सदऱ्यावर शेतात असतो. आपल्याला सवय आहे ती दुपारी संपणाऱ्या थंडीची.

दिल्लीत जानेवारीतलं रात्रीचं सरासरी किमान तापमान ७-८ अंशांच्या आसपास असतं. हा आकडा ऐकून फार भीती वाटत नाही. खरा त्रास होतो तो ऊन न पडणाऱ्या दिवसांचा. जमिनीलगतचं धुकं दुपारपर्यंत उठत नाही, सूर्य दिसत नाही आणि दिवसाचा पाराही वर चढत नाही. ३० डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या सफदरजंग केंद्रावर दिवसाचं कमाल तापमान अवघं ९.४ अंश होतं. म्हणजे आपल्याकडच्या पहाटेएवढा गारठा भर दुपारी. त्याच केंद्रावर १ जानेवारी २०२१ रोजी किमान तापमान १.१ अंशांपर्यंत उतरलं होतं.

हवामान खात्याच्या अंदाजात म्हणून दोन शब्द वेगळे वाचा. 'थंडीची लाट' ठरते मुख्यतः रात्रीच्या किमान तापमानावरून. 'थंड दिवस' ठरतो दिवसाचं कमाल तापमान नेहमीपेक्षा बरंच खाली राहिलं तर. रात्री तुम्ही रजईत असता, फिरायचं असतं दिवसा. सहलीचा विचका करतो तो हा थंड दिवस.

घरं आणि हॉटेलं हा आणखी एक मुद्दा. युरोपातल्यासारखी संपूर्ण इमारत गरम ठेवण्याची सोय दिल्लीच्या साध्या हॉटेलांत नसते. फरशी बर्फासारखी, न्हाणीघर त्याहून गार. बाहेरून थकून आल्यावर खोलीतही ऊब मिळत नाही आणि वयस्कर माणसं तिथे खचतात.

महिन्यांचा हिशेब

* दिवाळी ते नोव्हेंबरअखेर: थंडी सौम्य, पण हवा सगळ्यात वाईट. पंजाब-हरियाणातला भाताचा पेंढा जाळल्याचा धूर, फटाके, वाहनं आणि थांबलेला वारा यांनी शहरावर झाकण बसतं. ज्यांना दमा आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीचा विचारच करू नये.
* डिसेंबरचे पहिले पंधरा दिवस: थंडी सोसवते, धुकं अजून रोजचं नसतं. हवा मात्र बहुधा खराबच. धडधाकट माणसांना चालेल.
* साधारण २० डिसेंबर ते २० जानेवारी: दाट धुकं, थंड दिवस, लांबलेल्या गाड्या. नाताळची सुट्टी नेमकी यातच येते. लहान मूल किंवा सत्तरीपुढचं माणूस बरोबर असेल तर टाळा.
* २० ते ३१ जानेवारी: थंडी ओसरू लागते, पण प्रजासत्ताक दिनाच्या बंदोबस्तामुळे रस्ते अडतात. २६ जानेवारीच्या आधी लाल किल्ला काही दिवस पर्यटकांना बंद असतो. संचलन पाहायलाच जाणार असाल तर गोष्ट वेगळी. त्याची तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या 'आमंत्रण' या संकेतस्थळावर मिळतात.
* १० फेब्रुवारी ते मार्चचा मध्य: सगळ्यात चांगला काळ. सकाळी स्वेटर, दुपारी कोवळं ऊन. राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान याच सुमारास लोकांसाठी खुलं होतं, प्रवेश मोफत असतो, सोमवारी बंद.

२१ ते २३ फेब्रुवारी २०२५ या दिवसांत दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियमवर ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. महाराष्ट्रातून शेकडो वाचक, त्यात बरेच उतारवयाचे, त्यासाठी दिल्लीला गेले. तेच संमेलन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असतं, तर घरून निघायच्या आधीच अनेकांना दोनदा विचार करावा लागला असता.

पण घर सुटणार कधी?

फेब्रुवारी उत्तम हे कागदावर सोपं. आपल्या भागातल्या घरांना ते जमवणं सोपं नसतं, आणि त्याची कारणं खरी असतात.

बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, पाठोपाठ दहावीची. घरात परीक्षार्थी असेल तर हा काळ बाद. मग डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा परीक्षा संपल्यावरचा मार्च, एवढेच पर्याय उरतात. एप्रिलपासून दिल्ली तापते.

ऊसतोडीची टोळी कधी येईल हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. तोडीची तारीख कारखान्याच्या चिटबॉयकडून पक्की झाल्याशिवाय तिकीट काढलंत, तर एक तरी माणूस मागे राहणार हे धरून चाला. गोठ्यात दुभती जनावरं असतील तर सकाळ-संध्याकाळची धार कोण काढणार, हे आठ दिवसांसाठी नावानिशी ठरवा. "बघतील कुणीतरी" यावर सोडू नका. आणि उजनी धरणाच्या जलाशयावर फ्लेमिंगो, पट्टकादंब दाखवायला पर्यटकांना होडीतून नेणाऱ्या कुटुंबांचा कमाईचा हंगाम हाच असतो. त्यांच्यासाठी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा बरा. दिल्लीत तेव्हा पाऊस सरलेला असतो आणि धूर पुरता जमलेला नसतो.

आणखी एक कारण इकडे हल्ली बऱ्याच घरांत आहे. मुलगा किंवा मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी जुन्या राजेंद्र नगरात किंवा मुखर्जी नगरात राहते आणि आई-वडिलांना एकदा तिची खोली पाहायची असते. जरूर जा. मात्र त्या खोल्या फार लहान असतात आणि वीज घरमालकाच्या दराने मोजली जाते. तिथे चौघांनी थंडीत दाटीवाटीने राहण्यापेक्षा जवळपास दोन रात्रींसाठी खोली घ्या, दिवसा लेकराकडे जा. त्याचा अभ्यासही मोडणार नाही.

कुणी थांबावं

हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, दमा, फुप्फुसांचा जुना आजार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, वर्षाच्या आतलं बाळ: यांपैकी काही असेल तर डिसेंबर-जानेवारी टाळा आणि इतर महिन्यांसाठीही आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. पहाटे अंथरुणातून उठून थेट गारठ्यात जाणं हृदयरोग्याला महागात पडू शकतं. गोळ्या आठ दिवसांऐवजी बारा दिवसांच्या घ्या; गाडी लेट झाली की शेवटची गोळी संपलेली असते.

हवेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निर्देशांक रोज जाहीर होतो. २०० पर्यंत ठीक, ३०० च्या पुढे 'अत्यंत खराब', ४०० च्या पुढे 'गंभीर'. ३०० ओलांडला तर सकाळचं बाहेर फिरणं सोडा आणि एन-९५ मास्क वापरा. रुमाल बांधून बारीक कण थांबत नाहीत.

एक गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. उत्तरेत तिला अंगीठी म्हणतात. स्वस्त लॉजवर किंवा धर्मशाळेत कुणी प्रेमाने आणून दिली तरी रात्री ती बाहेर ठेवा. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. दर हिवाळ्यात उत्तर भारतात यामुळे अख्खी कुटुंबं दगावतात. खिडकी नसलेल्या न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हेच लागू.

काय नेसावं, काय घालावं

एका जाड जर्किनपेक्षा तीन पातळ थर बरे: आत थर्मल, त्यावर लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. दुपारी ऊन पडलं तर एकेक काढता येतं. सोलापुरी चादर सुती असते, रेल्वेच्या डब्यात ती पुरेल, दिल्लीच्या रात्रीला नाही. हॉटेलात रजई मागून घ्या. घरातल्या आजींकडे खास लक्ष द्या. लुगड्याखाली लोकरी लेगिंग आणि चपलेत घालता येणारे अंगठ्याचे लोकरी मोजे एवढ्याने त्यांचा निम्मा गारठा जातो. त्या स्वतःहून मागणार नाहीत. कानटोपी सगळ्यांना. खोबरेल तेल बाटलीत गोठतं, त्यामुळे अंगाला लावायला व्हॅसलीन ठेवा.

रेल्वेने जाताना

झेलम एक्सप्रेस, गोवा एक्सप्रेस, कर्नाटक एक्सप्रेस या गाड्या दौंड-मनमाड मार्गाने दिल्लीकडे जातात, त्यामुळे डाळजकरांना पुण्याला जायची गरज नाही. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २० फेब्रुवारीचं तिकीट २२ डिसेंबरला सकाळी.

धुक्यात सिग्नल दिसत नाहीत म्हणून चालक वेग उतरवतात. इंजिनात पुढचा सिग्नल किती दूर आहे हे सांगणारं यंत्र असलं, तरी दाट धुक्यात गाडी रोजच्या वेगाने धावत नाही. महाराष्ट्र-मध्य प्रदेशात वेळेवर आलेली गाडी ग्वाल्हेर-आग्र्यापुढे रेंगाळू लागते. दिल्लीत उशिरा पोचलेलाच डबेसंच परत निघतो, त्यामुळे परतीची गाडीही लांबते. जम्मूहून येणारी झेलम तर दिल्लीला येईपर्यंतच धुक्याचा पट्टा पार करून आलेली असते. परतीला दिल्लीतूनच सुटणारी गाडी थोडी बरी.

तुमचे हक्क असे:

* चढण्याच्या स्थानकावर गाडी ३ तासांहून अधिक उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे परत मिळतात. ई-तिकीट असेल तर गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी ऑनलाइन टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरा, खिडकीवरचं तिकीट असेल तर त्याआधी खिडकीवर जमा करा. गाडी निघून गेल्यावर भरलेला अर्ज नाकारला जातो, आणि बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात.
* रेल्वेने गाडीच रद्द केली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यावर येतात. खिडकीवरचं तिकीट मात्र स्वतः जाऊन परत करावं लागतं. धुक्याच्या हंगामात रद्द होणाऱ्या गाड्यांची यादी रेल्वे आधीच जाहीर करते; तिकीट काढण्यापूर्वी ती पाहा.
* दिल्लीहून पुढे अमृतसर किंवा हरिद्वारचं वेगळं तिकीट असेल तर दोन्ही पीएनआर जोडून घ्या. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे मिळू शकतात. त्यासाठी पहिली गाडी पोचल्यापासून ३ तासांत मागणी करा.
* डब्यातल्या अडचणीसाठी १३९ हा क्रमांक.

जोडगाडीत किमान ८-१० तासांचं अंतर ठेवा. दिल्लीत पोचायच्या दिवशी काहीही पाहायचं ठरवू नका.

विमानाचं गणित

डाळजहून लोहगाव विमानतळ शंभर किलोमीटरहून अधिक आहे. पहाटेचं स्वस्त विमान पकडायला मध्यरात्री निघायचं आणि तिथे पोचल्यावर कळायचं की दिल्लीत धुकं आहे, हे जानेवारीत नेहमी घडतं. दिल्लीच्या धावपट्टीवर दाट धुक्यात उतरण्याची यंत्रणा आहे, पण विमान आणि वैमानिक दोन्हींना तशी परवानगी असावी लागते. दिल्लीला दुपारी १२ ते ४ च्या दरम्यान पोचणारं विमान घ्या, थोडं महाग पडलं तरी.

पुणे-दिल्ली उड्डाण अडीच तासांच्या आतलं आहे. अशा विमानाला २ तासांहून अधिक उशीर झाला, तर वेळेत चेक-इन केलेल्यांना खाणं-पिणं देणं कंपनीला बंधनकारक आहे. उशीर ६ तासांपुढे जाणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यांतलं काय हवं हे तुम्ही निवडायचं. रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणारं विमान ६ तासांहून अधिक लांबलं तर मुक्कामाची सोयही. नुकसानभरपाई मात्र धुक्यासारख्या हवामानाच्या कारणासाठी मिळत नाही. काउंटरवर तिच्यासाठी वाद घालण्यात वेळ घालवू नका, पैसे परत किंवा दुसरं विमान हे लेखी मिळवा. तक्रार 'एअरसेवा' संकेतस्थळावर करता येते.

स्वतःची गाडी काढणार असाल

दहा जणांची बोलेरो किंवा स्कॉर्पिओ घेऊन आग्रा-मथुरा-दिल्ली करायची हौस आपल्याकडे मोठी. हिवाळ्यात ती आवरा. दिल्लीत प्रदूषणामुळे घातल्या जाणाऱ्या निर्बंधांचा तिसरा टप्पा लागू झाला, की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकींना बंदी होते. बीएस-६ देशात सक्तीचं झालं १ एप्रिल २०२० पासून. त्याआधीची तुमची डिझेल गाडी बहुधा बीएस-४ आहे. आरसी बुकात पाहून घ्या.

बंदीपेक्षा मोठा धोका रस्त्याचा. १६ डिसेंबर २०२५ च्या पहाटे मथुरेजवळ यमुना द्रुतगती मार्गावर धुक्यात बस आणि मोटारी एकमेकांवर आदळून पेटल्या, दहाहून अधिक प्रवासी गेले. आग्रा-दिल्ली प्रवास सकाळी दहाच्या आधी आणि सूर्य मावळल्यावर करू नका. चालक भाड्याचा असेल तर हे निघण्यापूर्वीच त्याला बजावून ठेवा.

सहल कंपनीला विचारायचं ते लेखी

जाहिरातीत सगळं गोड असतं. पैसे भरण्यापूर्वी या गोष्टी कागदावर किंवा व्हॉट्सअॅपवर तरी मागा:

* खोलीत हिटर आहे का, त्याचे वेगळे पैसे किती? गरम पाणी किती वाजता?
* गाडी किंवा विमान लांबल्यामुळे एक मुक्काम वाढला तर खर्च कुणाचा?
* ताजमहाल कोणत्या वारी? तो शुक्रवारी बंद असतो. लाल किल्ला आणि अक्षरधाम सोमवारी बंद.
* 'सूर्योदयाचा ताज' कार्यक्रमात आहे का? जानेवारीत काढून टाकायला सांगा. पहाटेच्या धुक्यात समोरचा घुमटही दिसत नाही आणि ताजचं तिकीट तीनच तास चालतं. दुपारी बाराला आत जा.

कबूल केलेलं दिलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. त्याने भागलं नाही तर कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

१४ जानेवारीला पानिपत

एका सहलीची तारीख मात्र बदलता येत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या रणात पडलेल्यांना वंदन करायला मराठी माणसं दर संक्रांतीला पानिपतच्या काला आंब स्मारकापाशी जमतात. २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही तिथे गेले होते. अन्नाविना आणि पुरेशा कपड्यांविना आपले लोक त्या मैदानात याच थंडीत अडकून पडले होते. तिथे उभं राहिल्यावर तो गारठा अंगाला कळतो, आणि म्हणून ही वारी पौषातच करावी असं वाटणं समजण्यासारखं आहे.

जाणाऱ्यांनी १२ तारखेलाच दिल्ली गाठावी. पानिपत तिथून सुमारे ९० किलोमीटर. १३ ला दुपारच्या उन्हात पानिपतला जाऊन मुक्काम करा. १४ च्या पहाटे दिल्लीहून महामार्गाने निघू नका. मैदान उघडं आहे, तासन्‌तास उभं राहावं लागतं. मुलांना थर्मल घाला, गरम पाण्याचा थर्मास बरोबर ठेवा. १५ ची परतीची गाडी घेऊ नका, १६ ची घ्या.

सुट्टी नाताळचीच असेल तर

मग दिल्ली सोडून दुसरं गाव निवडा. उदयपूरला डिसेंबरात पहाट गार आणि दुपार उबदार असते, जयपूरला थंडी थोडी जास्त पण ऊन बहुधा पडतं. इंदूर, ओंकारेश्वर आणि अहिल्याबाईंचं महेश्वर हा तर आजी-आजोबांना सोसणारा प्रवास. नर्मदेच्या घाटावर सकाळी नऊला शालीत बसता येतं. बर्फच पाहायचा असेल तर हिशेब वेगळा. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवस 'चिल्लई कलां', म्हणजे कडाक्याची थंडी. सिमल्यात बर्फ पडेलच याची खात्री कोणत्याही तारखेला देता येत नाही, आणि देणाऱ्या एजंटावर विश्वास ठेवू नका.

परतताना

परतीच्या दिवशी हॉटेल सोडण्यापूर्वी गाडी कुठे आहे ते पाहा. सुटण्याची वेळ बदलली असेल तर स्टेशनच्या फलाटावर थंडीत सहा तास काढण्यापेक्षा खोलीचं अर्ध्या दिवसाचं भाडं भरणं केव्हाही स्वस्त. दोन वेळची दशमी-चटणी जास्तीची ठेवा. आणि तिकिटावर 'दौंड' आहे की 'दौंड कॉर्ड लाइन' हे वाचा. ती दोन वेगळी स्थानकं आहेत. काही लांब पल्ल्याच्या गाड्या जंक्शनात न येता कॉर्ड लाइनवरून जातात. घ्यायला येणाऱ्या पोराला ते नाव आणि गाडीचा नंबर आधीच पाठवून ठेवा, कारण लेट झालेली गाडी रात्री दोनला उतरवते आणि त्या वेळी डाळजकडे यायला एसटी मिळत नाही.